मुदतीचा परवाना, बेमुदत गरज

उत्तर मारियाना बेटांवर परदेशी माणसाला नोकरी करायची असेल, तर आज त्याला बहुधा अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा ‘सीडब्ल्यू-१’ हा परवाना लागतो. हा परवाना अमेरिकेत इतर कुठेही चालत नाही. शेजारच्या ग्वाममध्येही नाही, आणि ग्वाम तर अमेरिकेचाच प्रदेश आहे. तो मिळवायचा असतो मालकाने, कामगाराने नव्हे. दरवर्षी असे किती परवाने द्यायचे हे वॉशिंग्टनमध्ये ठरते, आणि २०२९ च्या अखेरीस ही सगळी व्यवस्था संपेल असे कायद्यातच लिहून ठेवलेले आहे. जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या बेटांसाठी अमेरिकी काँग्रेसने २००८ पासून आजवर अनेकदा कायदा केला किंवा दुरुस्त केला. तरीही मूळ पेच सुटलेला नाही. परदेशी कामगार तात्पुरता आहे असे कायदा धरून चालतो, आणि बेटांचा संसार मात्र त्याच्याच जोरावर कायमचा उभा आहे.

पश्चिम पॅसिफिकमध्ये ग्वामच्या उत्तरेला चौदा बेटांची ही माळ पसरली आहे. सगळी मिळून जमीन सुमारे पावणेपाचशे चौरस किलोमीटर. वस्ती मुख्यतः सायपान, टिनियान आणि रोटा या तीन बेटांवर आहे, आणि त्यातही बहुतेक माणसे सायपानवर राहतात. मूळचे रहिवासी चामोरो आणि कॅरोलिनियन. स्पेनने तीन शतके राज्य केले, १८९९ मध्ये ही बेटे जर्मनीला विकली, आणि पहिल्या महायुद्धात ती जपानच्या ताब्यात गेली. जपान्यांनी इथे उसाची लागवड आणि साखर कारखाने उभारले, आणि मजूर व वसाहतवाले जपान व ओकिनावातून आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर या बेटांवर स्थानिकांच्या कितीतरी पट बाहेरची माणसे राहत होती. १९४४ मध्ये सायपानची भीषण लढाई झाली, बेटे अमेरिकेकडे आली, आणि १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त प्रदेशाचा भाग म्हणून अमेरिका त्यांचा कारभार पाहू लागली.

आपल्याच भूमीत अल्पसंख्य होणे म्हणजे काय, हे बेटांवरच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे अमेरिकेशी कायमचे नाते जोडण्याचा करार झाला तेव्हा स्थलांतराचा विषय त्यांच्या दृष्टीने कळीचा होता. या कराराला ‘कव्हनंट’ म्हणतात. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यावर सह्या झाल्या, जूनमध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे ७९ टक्के मतदारांनी तो स्वीकारला आणि १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला मान्यता दिली. बेटांचे स्वतःचे संविधान जानेवारी १९७८ मध्ये लागू झाले, तर पात्र रहिवाशांना अमेरिकी नागरिकत्व नोव्हेंबर १९८६ मध्ये मिळाले. कराराच्या कलम ५०३ नुसार अमेरिकेचे स्थलांतर कायदे आणि किमान वेतनाचा कायदा बेटांना लागू होणार नव्हते. मात्र काँग्रेसला वाटेल तेव्हा ते लागू करण्याची मुभा त्याच कलमात होती. सवलतीमागचा हेतू स्पष्ट होता. अमेरिकेच्या दारातून येणाऱ्या लोंढ्याखाली इवलीशी लोकसंख्या दबून जाऊ नये, यासाठी बेटांना स्वतःचे दार स्वतः राखू द्यायचे.

घडले ते याच्या अगदी उलटे. बेटांच्या विधिमंडळाने १९८३ मध्ये अनिवासी कामगार कायदा केला. नोकरीवर पहिला हक्क स्थानिकांचा, स्थानिक माणूस मिळत नसेल तरच परदेशी, आणि तोही ठरावीक मुदतीसाठी, असे त्याचे सूत्र होते. परवाना एका वर्षाचा, एका मालकाशी आणि एका कामाशी बांधलेला. कागदावर हा कायदा संरक्षण देणारा दिसतो. पण नेमक्या त्याच काळात कपडे शिवणाऱ्या कारखानदारांना सायपानचा शोध लागला होता. इथे शिवलेला कपडा, त्यातल्या परदेशी मालाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत असेल तर, अमेरिकेत जकात न भरता जाई. हाँगकाँग किंवा कोरियाच्या मालाला लागू असलेला कोटा त्याला लागत नसे. त्यावर ‘मेड इन यूएसए’ अशी चिठ्ठीही लावता येई. वर किमान वेतन अमेरिकेपेक्षा कमी, आणि कामगार बाहेरून हवे तितके आणता येत होते. जगाच्या पाठीवर इतक्या सवलती एकत्र मिळणारी जागा दुसरी सापडणे कठीण होते.

भराभर कारखाने उभे राहिले. ऐन भरात त्यांची संख्या तीसच्या पुढे गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्षाची निर्यात एक अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. शिवणयंत्रांवर बसणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रिया चीनमधून आल्या होत्या. हॉटेले, दुकाने, बांधकामे, रुग्णालय आणि घरकाम यांत फिलिपिन्सची माणसे मोठ्या संख्येने होती. शिवाय बांगलादेश, थायलंड, नेपाळ इथूनही लोक येत. १९८० च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या १६,७८० होती. १९९० मध्ये ती ४३,३४५ झाली आणि २००० मध्ये ६९,२२१. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक बेटांबाहेर, परदेशात जन्मलेले होते. ज्या सवलतीने स्थानिकांना अल्पसंख्य होण्यापासून वाचवायचे होते, तिच्याच आधारे ते वीस वर्षांत अल्पसंख्य झाले.

या कामगारांचे हाल हा या कायद्याच्या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग आहे, आणि तो परवान्याच्या रचनेतूनच आला. गावाकडच्या दलालाला हजारो डॉलर मोजून बाई सायपानला पोहोचे. ही रक्कम बहुधा कर्जाऊ काढलेली असे. परवाना एकाच मालकाचा, म्हणजे नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही गेला. मग पगार थकला, जादा कामाचे पैसे बुडाले, बराकीत दाटीने राहावे लागले, तरी तोंड उघडणे परवडत नसे. तक्रार केली आणि मायदेशी परत पाठवले, तर कर्ज फेडायचे कशातून? मालक सज्जन असेल तर दिवस बरे जात, नसेल तर कामगाराच्या हाती काही नसे. माणसाचे राहणे आणि खाणे दोन्ही एकाच मालकाच्या मर्जीवर टाकणारा कायदा शोषणाला वाव देतो, मग त्याच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो.

१९९९ च्या जानेवारीत सुमारे ३० हजार कामगारांच्या वतीने कारखानदारांवर आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या अमेरिकेतल्या नामांकित कपडे-विक्रेत्यांवर दावे गुदरले गेले. पुढच्या काही वर्षांत बहुतेक प्रतिवादींनी तडजोड केली. ती एकूण सुमारे २ कोटी डॉलरची होती, आणि कारखान्यांवर देखरेख ठेवण्याची अटही तीत होती. इकडे वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्य जॉर्ज मिलर यांच्यासारखे लोक बेटांचे स्थलांतर आणि वेतन संघराज्य कायद्याखाली आणावे म्हणून वर्षानुवर्षे झटत होते. त्यांच्याविरुद्ध बेटांच्या सरकारने आणि कारखानदारांनी पैसे मोजून लॉबीइस्ट लावले होते. त्यांत सर्वांत गाजलेले नाव जॅक अब्रामॉफ यांचे. सेनेटने सुधारणेचे विधेयक मंजूर करूनही ते प्रतिनिधिगृहात अडून राहिले. २००६ मध्ये अब्रामॉफ यांनी भ्रष्टाचाराच्या वेगळ्या प्रकरणांत गुन्हा कबूल केला, त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसमधले बहुमत बदलले, आणि वाट मोकळी झाली.

तोवर कारखान्यांचीच सद्दी संपत आली होती. १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापारातला कापडाचा कोटा उठला. चीनमधला कपडा थेट अमेरिकेत जाऊ लागल्यावर चिनी कामगार सायपानला आणून शिवून घेण्यात अर्थ उरला नाही. एकेक कारखाना बंद होत गेला आणि २००९ च्या सुरुवातीला शेवटच्यालाही टाळे लागले. २००७ च्या कायद्याने किमान वेतन ताशी ३.०५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतले. मधल्या काही वर्षांत वाढ थांबवावी लागली, तरी सप्टेंबर २०१८ मध्ये ते ७.२५ डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या पातळीला आले.

स्थलांतराचा कायदा ८ मे २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने झाला. नैसर्गिक संपत्तीविषयक अनेक तरतुदींची मोट बांधणाऱ्या एका मोठ्या कायद्यात तो बसवलेला होता. त्यातून बेटांना अमेरिकी प्रतिनिधिगृहात मताधिकार नसलेला एक प्रतिनिधीही मिळाला. ग्रेगोरियो किलिली कामाचो साब्लान हे पहिले प्रतिनिधी २००९ मध्ये रुजू झाले, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीत त्यांचा हात होता. बेटांचे गव्हर्नर बेनिग्नो फितियाल यांनी हा कायदा कराराचा भंग करतो म्हणून न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने मुख्य आक्षेप फेटाळला, कारण काँग्रेसचा अधिकार करारातच लिहिलेला होता. मात्र परवान्यांचे नियम लोकांचे म्हणणे न ऐकता घाईने काढले, म्हणून त्यांना स्थगिती दिली. २८ नोव्हेंबर २००९ ला बेटांचे दार अमेरिकी सरकारच्या हाती गेले, पण कामगारांच्या परवान्याचे पक्के नियम यायला सप्टेंबर २०११ उजाडला. मधला काळ बेटांच्या सरकारने जाता जाता दिलेल्या दोन वर्षांच्या ‘छत्री परवान्यां’वर निभावला.

२००८ च्या कायद्याचे गणित सरळ होते. कायदा झाला त्या दिवशी जितके परदेशी कामगार होते, तेवढ्यांपासून सुरुवात करायची, दरवर्षी आकडा कमी करायचा आणि संक्रमणकाळ संपेल तेव्हा, म्हणजे ३१ डिसेंबर २०१४ ला, तो शून्यावर आणायचा. अर्थव्यवस्थेला कमीत कमी धक्का बसावा हा हेतूही कायद्यात नमूद होता. पहिल्या वर्षाचा आकडा २२,४१७ धरला गेला. २०१३ मध्ये तो १५,००० झाला, २०१६ मध्ये १२,९९९. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि हे आकडे त्या वर्षाचे आहेत. दरम्यान २०१४ ची मुदत २०१९ पर्यंत पुढे गेली होती. सुरुवातीला कोणाला चटका बसला नाही, कारण कारखाने गेल्याने मागणीच ओसरली होती आणि परवाने शिल्लक राहत होते.

मग चित्र पालटले. २०१४ मध्ये सायपानवर कॅसिनोला परवानगी मिळाली, चीन आणि कोरियातून पर्यटक वाढले, हॉटेलांचे काम निघाले. मागणी वर आणि मर्यादा खाली, अशा कात्रीत बेटे सापडली. मे २०१६ मध्ये वर्षाचा कोटा पहिल्यांदाच पूर्ण भरला. ज्यांच्या परवान्याची मुदत उन्हाळ्यात संपणार होती, त्यांचे नूतनीकरण ऑक्टोबरपर्यंत शक्य नव्हते. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसांना सामान बांधावे लागले. त्यांत रुग्णालयातल्या परिचारिकाही होत्या. पुढच्या वर्षाचा कोटा तर ऑक्टोबर २०१६ मध्येच, म्हणजे वर्ष सुरू होताच पंधरवड्यात संपला. बांधकामावर आलेला नवा मजूर आणि वीस वर्षे रुग्णशय्येशी उभी असलेली परिचारिका एकाच रांगेत लावणारी ही व्यवस्था होती. जो मालक आधी अर्ज करील त्याला परवाना. बेटांना कोण जास्त हवे आहे, हे तिथे कोणी विचारत नव्हते.

अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये हिशेब मांडला. २०१५ च्या स्थितीतून हे सगळे परवानाधारक वजा केले, तर बेटांचे सकल उत्पादन २६ ते ६२ टक्क्यांनी घटेल, असा तो अंदाज होता. दोन टोकांमधले अंतर मोठे आहे, पण खालचे टोकही कोणत्याही प्रदेशाला उद्ध्वस्त करायला पुरेसे आहे.

त्याच वर्षी कॅसिनोच्या बांधकामावर दुसरी बाजू उघडी पडली. चिनी पर्यटकांना बेटांवर व्हिसाशिवाय येता येत असे. त्याचा गैरफायदा घेऊन ठेकेदारांनी शेकडो मजूर पर्यटक म्हणून आणले आणि बेकायदा कामाला लावले. मार्चमध्ये एक मजूर पडून मेला, एफबीआयने झडती घेतली, आणि पुढच्या वर्षी चार चिनी ठेकेदार कंपन्यांनी २,४०० हून अधिक कामगारांना मिळून सुमारे १ कोटी ३९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. सायपानच्या शिवणकारखान्यांत जे घडले होते तेच पुन्हा घडले होते: दलालाचे कर्ज, बुडालेली मजुरी, आणि तक्रारीची भीती. फक्त या वेळी कामगाराकडे एका मालकाचा परवानाही नव्हता.

या दोन धक्क्यांनंतर काँग्रेसने लागोपाठ दोन कायदे केले. ऑगस्ट २०१७ च्या कायद्याने त्या वर्षासाठी ३५० जादा परवाने दिले, त्यांतले काही आरोग्यसेवेसाठी राखून ठेवले, आणि बांधकामाची कामे या परवान्यातून जवळजवळ वगळली. जुलै २०१८ चा कायदा अधिक विचारपूर्वक केलेला आहे. त्याने संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत वाढवला. २०१९ साठी १३,००० ची मर्यादा ठेवली आणि ती दरवर्षी ५०० ने खाली येईल असे ठरवले, म्हणजे २०२९ मध्ये ती ८,००० होईल. मालकाने आधी अमेरिकेच्या श्रम खात्याकडून दाखला घ्यायचा. त्यासाठी जागेची जाहिरात द्यायची, योग्य स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायचे, आणि त्या कामाचा बेटांवरचा प्रचलित पगार द्यायचा. दर कामगारामागे वर्षाला २०० डॉलर शुल्क भरायचे. हे पैसे बेटांवरच्या तरुणांच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी वापरायचे. फसवणूक रोखण्यासाठी ५० डॉलरचे वेगळे शुल्कही आहे. प्रचलित पगाराची अट सर्वांत मोलाची, कारण परदेशी माणूस स्वस्त म्हणून आणण्याचे आकर्षण तिनेच कमी होते.

याच कायद्यात एक कठोर तरतूदही आहे. साधारणपणे परवान्याचे दोनदा नूतनीकरण झाले, की कामगाराने बेटे सोडून किमान तीस दिवस बाहेर राहायचे आणि मग नव्या परवान्यावर यायचे. कामाची गरज खरोखरच तात्पुरती आहे हे ठसवण्यासाठी ही अट घातली. प्रत्यक्षात तिचा भार पडतो तो विमानाचे तिकीट काढणाऱ्यावर आणि मुलांना कोणाकडे तरी ठेवून जाणाऱ्यावर. २०१५ पासून सलग दरवर्षी हा परवाना असलेल्या जुन्या कामगारांना मात्र यातून सूट मिळाली, आणि त्यांना तीन वर्षांपर्यंतचा परवाना देण्याची सोय झाली.

मुलांचा प्रश्न या विषयात सारखा वर येतो. कामगाराच्या जोडीदाराला आणि अज्ञान मुलांना ‘सीडब्ल्यू-२’ दर्जा मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. बेटांवर जन्मलेले मूल मात्र जन्मतःच अमेरिकी नागरिक असते. त्यामुळे सायपानमध्ये अशी कितीतरी घरे आहेत, जिथे मुले नागरिक आहेत आणि आईबापांचा मुक्काम एका कागदाच्या तारखेवर अवलंबून आहे. मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ते आईवडिलांसाठी ग्रीनकार्डचा अर्ज करू शकत नाही. जून २०१९ मध्ये साब्लान यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने काही जणांना ‘सीएनएमआय निवासी’ (सीएनएमआय हे बेटांच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) असा दर्जा दिला. पाच वर्षांचा, नूतनीकरण होणारा, पण बेटांपुरताच. त्यात १९७४ ते १९७८ दरम्यान तिथे जन्मूनही नागरिकत्व न मिळालेले लोक आले, बेटांच्या जुन्या कायद्याखाली कायम निवासी ठरलेले आले, २००८ मध्ये नागरिकांचे निकटचे नातलग असलेले आले, आणि घरी आजाऱ्याची सेवा करणारे काही जण आले. ऐंशी-नव्वदच्या दशकात येऊन आयुष्य तिथेच घालवलेला साधा परवानाधारक कामगार या यादीत नाही. एवढ्या दुरुस्त्यांमध्ये ही एक गोष्ट राहून गेली, आणि ती राहायला नको होती. रुग्णालयापासून हॉटेलांपर्यंत ज्यांच्या श्रमांवर बेटे चालली, त्यांना पुढचे वर्ष मागण्याचा हक्क आहे, पण इथेच राहण्याचा नाही.

ऑक्टोबर २०१८ च्या युटू वादळाने सायपान आणि टिनियान झोडपले. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटन ठप्प झाले आणि कॅसिनोही बंद पडला, तो पुन्हा उघडला नाही. त्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या ४७,३२९ पर्यंत उतरली. परवान्यांची मागणी घटली, त्यामुळे दरवर्षी ५०० ने खाली येणारी मर्यादा काही काळ फारशी टोचेनाशी झाली. पण ३१ डिसेंबर २०२९ ही अंतिम तारीख जागच्या जागी आहे. बेटांना ‘एच-२बी’ या हंगामी व्हिसाच्या राष्ट्रीय मर्यादेतून मिळालेली सूट त्याच दिवशी संपते. बेटांवर आश्रय मागण्याला असलेली मनाईही त्याच दिवशी उठते.

त्यानंतर मालकाला अमेरिकेतल्या इतर मालकांसारखेच उरलेले रस्ते धरावे लागतील, आणि ते बेटांच्या गरजेला नीट बसत नाहीत. ‘एच-२बी’ ठरावीक काळाच्या गरजेसाठी आहे. वर्षभर चालणाऱ्या हॉटेलच्या स्वयंपाक्याला, हिशेबनिसाला किंवा यंत्रदुरुस्ती करणाऱ्याला तो साधारणपणे मिळत नाही. ‘एच-१बी’ला पदवी आणि विशेष व्यवसाय लागतो. नोकरीच्या आधारावर ग्रीनकार्ड मिळते, पण ते महाग पडते आणि रांग लांब असते, छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरची. म्हणून बेटांवरचे व्यापारी आणि लोकप्रतिनिधी आणखी मुदतवाढ मागत आहेत, तर २०० डॉलरच्या शुल्कातून चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गांनी स्थानिक तरुणांना या कामांसाठी तयार करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. दोन्ही गोष्टी झाल्या तरी, परवान्यावर उभे आयुष्य काढलेल्या कामगारांना कायम निवासाचा हक्क देण्यासाठी काँग्रेसला वेगळा कायदाच करावा लागेल.